लिंबाएवढी टोपी

"ही काय लिंबाला घालायची?" कुमुदताईंनी माझी पिवळी टोपी बोटावर नाचवली आणि आमचं अख्खं विणकाम मंडळ खो खो हसलं. बाळाच्या टोपीसाठी मी नवशिकीनं चुकून बारीकातल्या बारीक सुया घेतल्या होत्या. "उसव ती."

मी धागा ओढणार, तेवढ्यात दवाखान्यातली सिस्टर धापा टाकत आली. "सातव्या महिन्यातच जुळ्या मुली झाल्यात! मूठभर आहेत, पण काय रडतायत! तुम्ही दिलेल्या टोप्या त्यांच्या गळ्यापर्यंत येतात." तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "अय्या, हीच द्या! अशी अजून एक?"

कुमुदताईंनी स्वतःची नुकतीच पुरी झालेली पिवळी टोपी सर्रकन उसवली. "जुळ्यांना एकसारखीच हवी!" मग माझ्या बारीक सुया उचलून त्या शेजारी बसल्या.

"बोल गं पटकन, किती टाके घातले होतेस?"