अठरावं नाव

१९८३ साली मेलबर्नमध्ये, इस्पितळाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या आम्ही बायकांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब काढला. शनिवारपर्यंत अठरा खेळाडूंची यादी दिली नाही, तर लीगमध्ये जागा मिळणार नव्हती.

त्या खेळात लांबोडका चेंडू हातांनी झेलावा लागतो. म्हणून कामाच्या वेळी मी ओल्या चादरींचं गाठोडं एकेकीकडे भिरकावत असे. जी पाऊल मागे न घेता झेलेल, तिचं नाव यादीत. मिरजेला खो-खो खेळलेली शालन पहिली, ग्रीसची व्हासो दुसरी. अशा सतराजणी मिळाल्या.

शनिवारी शालनला घेऊन मी लीगच्या कचेरीत गेले. सेक्रेटरीने नावं मोजली. "एक कमी आहे. आता घरी जाऊन स्वयंपाकाला लागा."

"अठरावी मी," मी म्हणाले.

शालनने माझा पदर ओढला. "वहिनी, बेचाळीस वर्षं वय तुमचं. आणि साडी नेसून खेळणार?"

"कासोटा घालीन."

सेक्रेटरी हसला. त्याच्या टेबलावर चेंडू होता. मी म्हटलं, "फेका."

त्याने हात न राखता फेकला. माझी करंगळी कटकन वाजली, पण चेंडू सुटला नाही आणि पाऊल जागेवरच राहिलं. त्याने पेन पुढे केलं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. व्हासो पुढे कोच झाली. शालन बऱ्याच वर्षांनी मिरजेला परतली आणि तिथल्या मुलींना लांबोडका चेंडू झेलायला शिकवू लागली. माझी करंगळी अजून वाकडी आहे. सेक्रेटरी दोनच वर्षांनी निवृत्त झाला. त्याच्या निरोपसमारंभाला आम्हाला बोलावलं नव्हतं. आम्ही अठराच्या अठराजणी गेलो.