तीन पूर्ण झाल्यावर

"सगळ्या बंदराला कच्चा मासा खाऊ घालतोस आणि घरच्या नातीला अंडं," ओनुमा न्हावी म्हणाला. "लोक काय म्हणतील, तोकुजी? याचाच याच्या माशावर भरवसा नाही म्हणतील."

"लोक तुझ्याकडून केस कापून घेतात," तोकुजी म्हणाला. "त्यांचं काय मनावर घ्यायचं."

दुपारची गिऱ्हाइकं जेवून गेली होती. दारावरचा पडदा आत घेतला होता. लाकडी फळीच्या अलीकडे ओनुमा एकटाच चहा पीत बसला होता आणि त्याच्या शेजारी, दोन उशा घातलेल्या खुर्चीवर, चिनात्सु. तिला ऑक्टोबरात तीन वर्षं पूर्ण होणार होती. आता जून चालू होता. फळीच्या पलीकडे तोकुजी लेप मासा कापत होता. इस्पितळातून येऊन त्याला दहा दिवस झाले होते. एप्रनची नाडी आता कमरेला तीनदा फिरत होती.

चिनात्सुने माशाकडे बोट दाखवलं. "आजोबा, ते."

"ते नाही. तुझं हे." त्याने अंड्याची गोड वडी तिच्यापुढे ठेवली.

"ते."

"काझुयो," ओनुमाने आत हाक दिली, "तुझी ती तीन वर्षांची अट अजून आहे का गं? का आता पोरीचं लग्न झाल्यावरच?"

हे रोजचंच होतं, आणि तोकुजीच्या या सुनेचं उत्तरही सगळ्यांना पाठ होतं. पोरांचं पोट कच्चं असतं, एक वाईट तुकडा पुरतो, तीन पूर्ण म्हणजे तीन पूर्ण. एकदा तोकुजीने तांदळाएवढा कण नातीपुढे धरला, तर काझुयोने गिऱ्हाइकांसमोर त्याचं मनगट पकडलं होतं. पुढे आठवडाभर तो येईल त्याला सांगत होता, सून असावी तर अशी. त्याने एवढंच मागून घेतलं होतं की वेळ येईल तेव्हा पहिला तुकडा आपल्या हातचा.

काझुयो वाडगा पुसत बाहेर आली. तिने मुलीकडे पाहिलं, मग माशाकडे.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "एक द्या. एका तुकड्याने काय होतंय."

ओनुमा हसला, आणि दुसरं कोणी हसलं नाही म्हणून थांबला. मोरीपाशी तोकुजीचा मुलगा रियोहेइ भाताचा लाकडी टोप घासत होता. त्याचा हात थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

तोकुजीने सुरी खाली ठेवली.

पोटात अल्सर होता, तो काढून टाकला, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. रियोहेइला मात्र त्यांनी वेगळ्या खोलीत बोलावून घेतलं होतं. रीतच होती ती. वाईट बातमी घरच्यांना, चांगली रोग्याला. सहा वर्षांपूर्वी, बायकोच्या आजारपणात, तोकुजीही अशाच एका खोलीत बसून आला होता आणि बायकोला त्याने अल्सरच सांगितला होता. मग ती जाईपर्यंत, ज्या ज्या गोष्टींवरून तिच्याशी तीस वर्षं भांडला होता, त्या सगळ्यांना तो एकेक करून हो म्हणत गेला होता.

त्याने सुनेकडे पाहिलं. ती कोरडा वाडगा पुसत होती.

"नाही," तो म्हणाला. "तीन पूर्ण झाल्यावर."

"मी उगीच धरून बसले होते ते. आज देऊ या ना. मी म्हणते ना."

"तिच्या मागच्या दाढा अजून धड आल्या नाहीत. माझ्या हौसेपायी तिचं पोट बिघडवू?"

तोकुजी मोरीकडे वळला.

"रियोहेइ, नळ बंद कर. इकडे ये."

रियोहेइ हात पुसत आला. भात रियोहेइचा आणि सुरी तोकुजीची, अकरा वर्षं तसंच चाललं होतं. तोकुजीने सुरीची मूठ त्याच्याकडे केली.

"तिच्यासाठी काप."

"आत्ता?"

"ऑक्टोबरात कापशील तसा."

"ऑक्टोबरात तुम्हीच देणार आहात की," काझुयो म्हणाली. आवाज नेहमीसारखा होता, फक्त जरा घाईचा.

"मीच देणार. दुसरं कोण देणार. पण त्या दिवशी मला सर्दी असली तर? सर्दीवाल्या माणसाने पोरांच्या तोंडाशी हात नेऊ नये."

रियोहेइने सुरी हातात घेतली.

"हो," रियोहेइ म्हणाला. "सर्दी असली तर."

त्याने कापलं.

"जाड. सुरी पुढेमागे करू नकोस, एका ओढीत आण."

दुसराही जाड झाला. तिसरा एका टोकाला फाटला. तोकुजी एकेक काप उचलून ओनुमाच्या ताटलीत टाकत होता आणि ओनुमा तो खात होता.

पाचवा काप तोकुजीने तळहातावर घेतला. त्यातून हाताच्या रेषा दिसत होत्या. तो त्याने तोंडात घातला. दहा दिवस त्याच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं. लहान मुलं चावतात तसा, नुसत्या पुढच्या दातांनी, तो चावत राहिला. खूप वेळ. चिनात्सु तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत होती.

"अजून थोडा पातळ," तो म्हणाला, आणि उरलेला मासा मुलाकडे सरकवला.