मातीविना बाग

काकांच्या बाल्कनीत ऊन येत नव्हतं आणि माती आणायला सोसायटीची परवानगी नव्हती, पण हौसेला मोल नसतं. ग्रंथपाल बाईंनी सुचवलेली पुस्तकं त्यांनी एकामागून एक फस्त केली. वाळवंटातली बाग वाचून झाली, बर्फातली झाली, शेवटी मातीविना बागही झाली. नळ्या आणल्या, स्पंज आणले, बिया भिजवल्या. उगवलं काहीच नाही.

काकू म्हणाल्या, "तुमच्या हातून साधं शेवाळंसुद्धा धरायचं नाही!"

काकांचा पारा चढला. हातातल्या टोमॅटोच्या सँडविचसकट त्यांनी ते शेवटचं पुस्तक मिटलं, बाल्कनीतल्या गळक्या पाइपाखाली आपटलं आणि बागेला कायमचा रामराम ठोकला.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला.

"काका, ते मातीविना बागेचं पुस्तक आणून द्या हो. लोक माझ्या मागे लागलेत."

काका पुस्तक उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. भिजून फुगलेल्या कागदांतून एक इवलं हिरवं रोप वर डोकावत होतं.

"पुस्तक फार गुणाचं आहे, बाई. लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे."

"मग कधी आणताय?"

"आणतो की," काका हळूच म्हणाले, "आधी त्याला टोमॅटो तर लागू द्या."