टर्नरची साक्ष

शिंपिणीने आपल्या मुलीला टर्नरसमोर उभे केले आणि विचारले, "दादा, मला एकदा खरं सांगा. तुम्हाला दिसतं ना?"

चर्चमधली रविवारची उपासना नुकतीच संपली होती. मंडळी दाराजवळच्या टेबलाभोवती चहा घेत होती. मुलगी पाच वर्षांची. तिच्या डाव्या डोळ्यात गाठ होती आणि मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. डोळा काढला तर मुलगी राहील; डोळा ठेवला तर मुलगीही राहणार नाही.

टर्नरने आवाजाच्या दिशेने मान वळवली. ही कला त्याला आता बरी साधली होती.

गेल्या वर्षी याच सभागृहात पाळकसाहेबांनी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले होते आणि त्याच दिवशी त्याने काचबिंदूचे थेंब बंद केले होते. आठवड्याभरात जग उजळले. ते खरोखरच उजळले होते. त्या थेंबांनी बाहुली आकसते. थेंब थांबले की ती उघडते आणि उजेड अधिक आत येतो. डोळ्यामागची नस मात्र आपल्या गतीने मरत राहते. जन्मभर कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी तिथल्या साहेबांशी वाद घातलेल्या या माणसाने तेवढ्या एका आठवड्याच्या पुराव्यावर मंडळीसमोर उभे राहून साक्ष दिली: प्रभूने मला दृष्टी दिली. त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी गाढ झोपला. एवढे श्रेय श्रद्धेच्या पदरात टाकलेच पाहिजे.

पण दिलेली साक्ष परत घेता येत नाही. थेंब पुन्हा घालणे म्हणजे प्रभूला खोटे पाडणे. ते त्याच्याने झाले नाही. आता त्याला दिवस आणि रात्र यांतला फरक कळे. बाकीचे बायको सांगे. रविवारचा शास्त्रभाग ती शनिवारी त्याच्याकडून घोकून घेई आणि तो पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणून दाखवी. "टर्नरला चष्मा कशाला? त्यांचा नंबर थेट वरून निघालाय!" असा विनोद ऑर्गनवाला दर रविवारी करी आणि मंडळी दर रविवारी हसे.

"बोला ना, दादा."

टर्नरच्या कोपरावर बायकोची बोटे रुतली. "अहो, चला. घरी जेवणं खोळंबलीत."

त्याने कोपर सोडवून घेतले.

"ताई, मंगळवारी तिला घेऊन जा," तो म्हणाला. "मला दिसत नाही. तुम्ही माझ्यापुढे उभ्या आहात, तेसुद्धा दिसत नाही."

कपबश्यांचा आवाज थांबला. आपल्याला खोटारडा म्हणतील, कदाचित मंडळीतून काढतील, हे त्याने मनाशी धरले होते आणि त्याची तयारीही केली होती. जे झाले त्याची तयारी त्याने केली नव्हती.

खांद्यावर पाळकसाहेबांचा हात पडला. हात उबदार होता.

"पाहिलंत? आशेने कुणी दाराशी आलं, की सैतान नेमक्या त्याच घटकेला तोंड उघडतो. अहो, आत्ताच या बंधूंनी अख्खा अध्याय वाचला. एक कानामात्रा चुकली का?"

"पाठ होता, साहेब. हिने करून घेतला. हिलाच विचारा."

सगळे बायकोकडे वळले असावेत, कारण चपला फरशीवर घासल्या.

"रात्रभर झोप नाही यांना," बायको म्हणाली. "काहीबाही बोलतात मग."

"काही काळजी करू नका, वहिनी. मोठ्या साक्षीला मोठी परीक्षा!" ऑर्गनवाला म्हणाला.

"परीक्षाच घ्या," टर्नर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कुणीही समोर या. बोटं धरा. किती आहेत, मी सांगतो. चुकलो, तर ताई, माझं ऐकायचं."

प्रयोग सोपा होता. खर्च शून्य, वेळ क्षणभराचा. कोणीही पुढे आले नाही.

"देवाच्या कामाला असली मोजमापं लावायची नसतात, बंधू," पाळकसाहेब मायेने म्हणाले. "ते कारखान्यात."

शिंपीण हसली. सुटकेचे हसू होते ते. "जीव घाबरा केलात हो, दादा! मी तर कालच हॉस्पिटलात नाही म्हणून सांगून आले. तुमच्याच जिवावर. मंगळवारची जागा त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलीसुद्धा."

"पुन्हा मागा. आत्ता जा. पाया पडा त्यांच्या."

"असं अभद्र नका ना बोलू. पोर ऐकतेय."

"त्यापेक्षा प्रार्थना तुमच्याच हातून होऊ द्या," पाळकसाहेब म्हणाले. "पोरीच्या डोळ्यावर हात ठेवा. शंका तुमचीही जाईल."

माणसे जवळ सरकली. खुर्च्या बाजूला झाल्या. टर्नरच्या पाठीशी, दोन्ही अंगांना, श्वास जाणवू लागले. पाळकसाहेबांनी त्याचे मनगट धरून हात वर उचलला आणि सोडून दिला. मग त्यांनी मान लववली, मंडळीने लववली, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या..."

टर्नरचा हात हवेत चाचपडला. तो मुलीच्या डोक्यावरून पलीकडे गेला, परत आला, कानाला लागून पुन्हा सुटला. मागे "आमेन, आमेन" चढत गेले. बायकोही म्हणत होती.

तेव्हा दोन लहान हातांनी त्याची बोटे पकडली, खाली ओढली आणि एका मऊ, गरम पापणीवर नेऊन ठेवली.

"इथे, काका," मुलगी हळूच म्हणाली.