कोरी बाजू

वह्यांवरची अक्षरं दिसेनाशी झाली म्हणून राजीनामा द्यायला निघालेल्या विज्ञानाच्या बाई वाटेतच लेण्यांकडे वळल्या. गाभाऱ्यात त्यांना नुसता काळोखच दिसला. ओसरीत बसलेला म्हातारा पहारेकरी म्हणाला, "पांढरा कागद हाय का, बाई? आमचा पुठ्ठा माकडानं नेला." पर्समध्ये राजीनाम्याशिवाय कागद नव्हता, बाईंनी तोच दिला. म्हाताऱ्यानं घडी उलगडून कोरी बाजू उन्हाकडे धरली. दुधासारखा उजेड आत पाझरला आणि तळ्यातून वर यावा तसा बुद्ध हळूहळू काळोखाबाहेर आला. त्याचे डोळे मिटलेले होते, हात मात्र काहीतरी समजावत होते. "तीस वर्षं हेच करतोय," म्हातारा म्हणाला, "पण कागद काय आरसा नाय, मंग उजेड आत जातो कसा, ते कुणी सांगितलंच नाय." बाई पायरीवर टेकल्या. "कागद ठेवा तुमच्याकडंच," म्हणाल्या, आणि डोळे मिटून शिकवू लागल्या.