अण्णा काहीच बोलले नाहीत

शालिग्राम सेठनं पाटीवरचा मिठाचा भाव पुसला आणि वाढवून लिहिला. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या भानुमतीकाकूंनी तो वाचला आणि लगेच पिशवी पुढे केली. "मग पाच नको सेठजी, दहा किलो दो."

शकु मागून बघत होती. काखेत रिकामं पोतं, मुठीत बहात्तर सालच्या बोर्डाच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे. फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस. पण सकाळी आई म्हणाली होती, "परीक्षा काय, पुढच्या सालीही देता येते. मीठ पुढच्या आठवड्यात नाही मिळणार. जा, पोतं भरून आण."

लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. मीठ येतं कच्छकडून, कच्छ तर अगदी सीमेवर, म्हणजे मीठ आता संपलंच, असं खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये कोणीतरी नळावर म्हणालं होतं. कोण, ते कोणालाच आठवत नव्हतं. फॅक्टरीत डबल ड्यूटी लागली होती, खिडक्यांना काळे कागद चिकटले होते, आणि कालपासून सगळी वस्ती मीठ भरून राहिली होती.

सेठनं पाटी पुन्हा पुसली. रांग आणखी लांब झाली.

शकुला हसू आलं. परवा मटार जरासा महागला तर याच सगळ्या जणी नाक मुरडून भोपळ्याकडे वळल्या होत्या. आणि मीठ महागलं तर पिशव्या मोठ्या! म्हणजे या भाव बघतच नाहीयेत. एकमेकींच्या पिशव्या बघताहेत.

ती रांगेतून बाहेर पडली. क्वार्टर रस्त्यापलीकडेच होतं, आई नळावर गेली होती. स्वयंपाकघराच्या दारामागे काल आणलेली पाच किलो मिठाची थैली होती. शकुनं ती कमरेवर घेतली, परत आली, आणि रांग सोडून सरळ दुकानाच्या फळीवर धप्पकन ठेवली.

"सेठजी, ये वापस ले लो."

सेठनं चष्म्यावरून पाहिलं. "काहे, बिटिया? खराब निकला?"

"नहीं, अच्छा है. बस, नहीं चाहिए."

"बिका हुआ माल वापस नहीं होता."

"अच्छा, तो आधे दाम में ले लो." शकुचा आवाज गॅदरिंगमध्ये माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. इथे तर रांग पिंपळापर्यंतच होती.

सेठनं थैलीकडे पाहिलं. मग शकुकडे. मग हात मागे घेतला. "आधे में भी नहीं."

रांगेतल्या माना पुढे आल्या.

"काहून गं शके?" भानुमतीकाकू जवळ सरकल्या. "परत काहून करून राहिली?"

"असंच, काकू."

"अण्णा काही बोलले का?"

शकुचे अण्णा फॅक्टरीत स्टोअरला होते. त्या स्टोअरमध्ये नटबोल्ट होते. पण वस्तीच्या हिशेबानं स्टोअर म्हणजे स्टोअर. तिथल्या माणसाला सगळंच माहीत.

"अण्णा?" शकु म्हणाली. "काहीच बोलले नाहीत."

अगदी खरं होतं. डबल ड्यूटीवरून येत, जेवत आणि झोपत.

काकूंनी मागे वळून विनतामावशींच्या कानात सांगितलं, "अण्णा काहीच बोलले नाहीत म्हणते."

"काहीच नाही?"

"एक शब्द नाही."

"मग नक्की काहीतरी आहे," विनतामावशी म्हणाल्या आणि त्यांना चुलीवर ठेवलेलं दूध आठवलं. त्यांच्या मागच्या दोघींनाही आपापलं दूध आठवलं. काकूंनी दहा किलोची पिशवी मागे ओढली. "सेठजी, दस रहने दो. एक ही किलो. और भाव ठीक लगाओ."

सेठनं पाटी पुसली. या वेळी खडू हातात धरून तो बराच वेळ बसला. "बिटिया," तो शेवटी म्हणाला, "तूने तो दुकान बैठा दी."

"नमक है सेठजी, सड़ता थोड़ी है."

एवढ्यात आई पदर खोचून धापा टाकत आली. हात अजून ओले होते. "शके! पोतं घेतलं तर नाहीस ना?"

"नाही."

"देवा! नळावर सगळ्या म्हणून राहिल्या की भाव पडणार. तुझ्या अण्णांनी कोणाला तरी सांगितलं म्हणे." तिनं कपाळावर हात मारला. "घरात तोंड उघडत नाहीत, आणि वस्तीला सांगत फिरतात!"

शकुनं मूठ उघडून दाखवली. नोटा घामानं ओल्या झाल्या होत्या, पण होत्या सगळ्या. थैली आणि पोतं तिनं आईच्या हातात दिलं, दुकानाच्या भिंतीला टेकवलेली आपली सायकल ओढली. "शाळेचं ऑफिस दोनला बंद होतं आई. मी निघते."

"थांब थांब! ते पैसे... साखरेचं काय? साखर तरी भरून ठेवू का?" आई सायकलमागे चार पावलं धावली. "साखरेचं काही बोलले का अण्णा?"

शकुनं टांग टाकली आणि घंटी वाजवली.

"काहीच नाही, आई!"

आई जागच्या जागी थांबली. "काहीच नाही?" ती स्वतःशी म्हणाली. मग भर रस्त्यात थैली पायाशी ठेवून तिनं रिकाम्या पोत्याची घडी केली, तिची आणखी एक घडी केली, आणि पोतं काखेत मारून, थैली कमरेवर घेऊन घराकडे वळली.