धाकट्याची वाटणी

क्योतोतल्या एका बौद्ध देवळात जिंकोच्या झाडाची पिवळी पानं स्वप्नात पडावीत तशी सावकाश गळत होती. उमरावांच्या धाकट्या मुलांवर पीएचडी करणाऱ्या विभाने म्हाताऱ्या भिक्षूंना भीतभीतच विचारलं, "थोरल्या भावाला सगळी इस्टेट आणि तुम्हाला देऊळ! राग नाही आला?"

"आला ना! वडिलांनी त्याला समुद्रकाठचं घरदार, जमीन दिली आणि माझ्या डोक्यावरचे केससुद्धा काढून घेतले."

विभाला हसू आलं. "तुमचे भाऊ कुठे असतात आता?"

भिक्षूंनी अंगणाकडे बोट दाखवलं. नुकतंच मुंडण झालेला एक म्हातारा तिथे पानं झाडत होता. झाडलेल्या जागेवर पुन्हा पानं पडत होती.

"त्सुनामीत सगळं वाहून गेल्यावर आला. म्हणाला, 'मलाही धाकटा करून घे.'"